बाबागाडीतली पाच किलोंची चोरी

८ सप्टेंबर. सकाळी ६.४०

नवी वही. जुनीत पानं शिल्लक होती, पण जुनी ही वाचते असा संशय आहे. ही म्हणजे बायको. ठोस पुरावा नाही. पण परवा मी जुन्या वहीत 'उद्यापासून मांजराला दूध बंद' असं लिहिलं आणि दुसऱ्याच दिवशी हिने मांजराला वाटीभर जास्त घातलं. कोणी योगायोग म्हणेल. एकतीस वर्षं वजनकाट्यावर काढलेला माणूस म्हणत नाही.

यापुढे वही कपाटात, वर पेन्सिल तिरकी ठेवायची. पेन्सिल सरळ दिसली की समजायचं.

८ सप्टेंबर. दुपारी

महत्त्वाचं. लेकीचा फोन. दिवस भरत आलेत, तीन आठवडे राहिले. म्हणाली, बाबा, बाबागाडी तुम्हीच बघून आणा. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. नवरा दिवसभर कामावर. एका हातात बाळ, दुसऱ्या हातात गाडी, असंच मला चढायचं-उतरायचंय. म्हणून हलकी हवी, सहा किलोच्या आत. आणि एकच गाडी सगळीकडे चालायला हवी. फुटपाथवर, बसमध्ये, दवाखान्यात, आणि झोपलेलं बाळ आडवंही करता यायला हवं. तुमच्यासारखं तपासून घेणारं आमच्यात दुसरं आहे कोण?

कोणी नाही. खरं तेच बोलली पोर. फोनवर नुसतं 'बघतो' म्हणालो.

रिटायर होऊन पाच वर्षं झाली. या पाच वर्षांत कोणी मला काही मोजायला सांगितलं नव्हतं.

योजना: आठ दिवसांत गाडी घरात.

९ सप्टेंबर

तयारी. न्हाणीघरातला वजनाचा काटा काढला, पुसला, सेल बदलला. पाच किलोच्या पिठाच्या दोन पिशव्या ठेवून पाहिल्या. बरोब्बर दहा. काटा निर्दोष आहे. पिठाचा दुकानदार मात्र निर्दोष आहे की नाही ते नंतर बघू.

बाबागाडी थेट या काट्यावर ठेवता येणार नाही. चाकं बाहेर लोंबतात, आकडा झाकला जातो. म्हणून आपली जुनी पद्धत. कारखान्यासाठी सळया आणायला ट्रक निघायचा तेव्हा आधी रिकामी गाडी काट्यावर, परतला की भरलेली. भरलेल्यातून रिकामी वजा, उरला तो माल. ड्रायव्हर कागद पुढे करायचे, साहेब, रिकाम्या गाडीचं वजन यात लिहिलंय की! मी कागद परत करायचो. कागदावर गाडी हलकी असते. टाकीत पाणी भरतात, सीटखाली दगड ठेवतात, क्लीनर काट्यावरून उतरतच नाही. अशा चौदा युक्त्या मी पकडल्यात. लेक शाळा सुटली की केबिनमध्ये यायची आणि माझ्याआधी खिडकीतून ओरडायची, रिकामी गाडी आधी!

इथे मी उभा राहणार, हातात बाबागाडी. एकूण वजनातून माझं वजा. माझं वजन ७१. रिटायरमेंटच्या मेडिकलमध्ये डॉक्टरांनी स्वतः लिहिलंय, कागद फाइलला आहे.

आणखी एक निश्चय. उद्यापासून रोज सकाळी सहाला चालायला जाणे. गाडी ढकलायची तर आजोबात दम हवा.

१० सप्टेंबर

चालणं झालं नाही. दुकानाच्या कामासाठी ताकद राखून ठेवली.

लहान मुलांच्या सामानाचं मोठं दुकान. सेल्समनला टाय. हसतो फार. जो माणूस ओळख नसताना इतका हसतो त्याच्या मालात काहीतरी काळंबेरं असतंच. म्हणाला, सर, हा लाइटवेट मॉडेल बघा, वन हँड फोल्ड. एक हात, एक बटण, खटक, आणि गाडी छत्रीएवढी झाली. मी म्हटलं, परत करा. परत खटक. मी केलं तर माझं बोट अडकलं. म्हणजे ही हातचलाखी आहे, गाडीचा गुण नाही. नोंद केली.

लेबलवर वजन ५.८. मी म्हटलं मोजून दाखवा. त्याने आतून पार्सलचा काटा आणला. त्यावर ५.८. त्याचाच काटा, त्याचाच आकडा, भरणारच की! मग मी पिशवीतून माझा काटा काढला. गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. गाडी हातात घेऊन उभा राहिलो. ८१.४. वजा ७१. उरले १०.४.

दहा किलो चारशे ग्रॅम! लेबलवर पाच-आठ! तिथल्या तिथे मोठ्याने वाचून दाखवलं. दोन बायका आपापल्या गाड्या ठेवून निघून गेल्या. टायवाला हसायचा थांबला, जवळ आला आणि हळूच म्हणाला, सर, तुम्ही एकदा नुसते उभे राहता का काट्यावर?

विषय कसा बदलतात बघा. चोरी त्यांची आणि उभा मी राहू!

बाहेर आल्यावर समोरच्या बेकरीत चहा, दोन क्रीम बिस्किटं. संतापाने भूक लागते.

११ सप्टेंबर

राखाडी पँट कमरेत बसेना. तिसरी पँट. धोबी गरम पाण्यात टाकतो, याची मला आता खात्री आहे. विचारलं तर म्हणाला, काका, मी तर फक्त इस्त्री करतो. मग आखडते कशी?

पट्ट्याला नवीन भोक पाडलं. चामडंही आखडतं.

१४ सप्टेंबर

दुसरं दुकान, स्टेशनरोडचं. इथे मालक स्वतः, चष्मा डोक्यावर. गाडी चांगली वाटली. पाच पट्ट्यांचं बंधन, टोप पुढे येतो, पाठ पूर्ण आडवी होते, खाली सामानाची टोपली. चाकांना स्प्रिंग. फरशीवर ढकलली तर लोण्यासारखी गेली. मी मनात जवळपास 'हो' म्हटलं होतं.

लेबल ६.२. सहाच्या वर, पण दोनशे ग्रॅम लेकीला समजावता आले असते. काट्यावर चढलो. ८२.१. वजा ७१. ११.१!

मालक म्हणाला, अशक्य आहे साहेब, आजपर्यंत एक तक्रार नाही. मी म्हटलं, तक्रार करणारा आजच आलाय. तो चष्मा डोक्यावरून नाकावर आणून माझ्याकडे वरून खाली बघत राहिला. पोटाशी नजर जरा जास्त थांबली असं वाटलं. बहुधा शर्टाचं बटण बघत होता. ते काल तुटलंय. दोरा कच्चा.

बेकरी. आज तीन.

१५ सप्टेंबर. सकाळी

आडव्या ओळी मारून तक्ता केला. पहिल्या दुकानात चोरी ४.६ किलो. दुसऱ्यात ४.९. दोन वेगळ्या कंपन्या, दोन वेगळी दुकानं, आणि चोरी जवळजवळ तेवढीच. याला इंग्रजीत कार्टेल म्हणतात. कुठेतरी बसून ठरवलंय यांनी, पाच किलो कमी छापायचे. हलकी गाडी पाहिजे म्हणून पोरीबाळी पैसे मोजतात आणि जिन्यावर कंबर मोडून घेतात.

सगळीकडे पाणी मुरतंय आणि ते शोधायचं काम माझ्याकडे आलंय.

हिला सांगितलं. ही भाजी चिरत होती. म्हणाली, टायवाल्याचा काटा पाच-आठ, लेबल पाच-आठ, आणि तुमचाच दहा? मी म्हटलं, दोन चोर एकच बोलणार. ही म्हणाली, बरं. हिचं हे 'बरं' मला पस्तीस वर्षांत कधी आवडलेलं नाही.

१९ सप्टेंबर

पेन्सिल सरळ.

शिवाय तक्त्यात ७१ या आकड्याखाली बारीक प्रश्नचिन्ह. पेन्सिलीने. मी काढलेलं नाही. आठवत नाही म्हणजे काढलेलं नाही.

हिला विचारलं, कपाटाला कोणी हात लावला का? म्हणाली, धूळ पुसली. मी प्रश्नचिन्ह खोडलं आणि ७१ पेनाने गडद केलं.

चालणं: पाऊस येईल असं वाटलं. आला नाही, पण वाटलं होतं.

२२ सप्टेंबर

तिसरं दुकान. मालकीणबाई. 'अल्ट्रालाइट', लेबल ५.५. विमानात डोक्यावरच्या कप्प्यात बसते म्हणे. बाईंनी खुर्ची दिली, बसलो तर खुर्चीचा पाय कलंडला. म्हणजे दुकानातलं सामानच कच्चं. हाही मुद्दा नोंदवला.

८१.७. वजा ७१. १०.७. चोरी ५.२!

ध्यानात आलं का? ४.६, ४.९, ५.२. दर दुकानागणिक तीनशे ग्रॅमने वाढतेय. बातमी यांच्यात पोचलीय की एक जाणकार माणूस फिरतोय, आणि हे घाबरायचं सोडून जास्तच निर्ढावलेत.

बाईंना तक्ता दाखवला. त्यांनी शांतपणे वाचला आणि म्हणाल्या, काका, पुढच्या वेळी काटा घरी ठेवून या. मी म्हटलं, पुढची वेळ येणार नाही. त्या म्हणाल्या, तेही चालेल.

२६ सप्टेंबर

ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या कार्यालयाला पत्र. सात पानं. विषय: बाबागाड्यांच्या वजनातील संगनमताने होणारी फसवणूक. तक्ता जोडला. एक प्रत तिन्ही दुकानांना. शेवटचं वाक्य फार चांगलं उतरलं: 'एका आईचा खांदा किती ओढला जातो, हे लेबल छापणाऱ्याला कळायला हवं.' स्वतःच वाचून डोळे ओले झाले.

आठ दिवसांची मुदत संपून दहा दिवस झाले, पण तपास एकदा सुरू झाला की मुदत पुढे जातेच.

३० सप्टेंबर. पहाटे

नात झाली! तीन किलो शंभर ग्रॅम. दवाखान्याच्या काट्यावर.

मुठी आवळलेल्या, कपाळाला आठ्या, कोणावर विश्वास नाही असा चेहरा. माझ्यावर गेलीय. मी तिला छटाक म्हणतो. लेक हसली. फार थकलेली होती. हात धरला तर म्हणाली, बाबा, गाडी मिळाली का? मी म्हटलं, जवळपास. प्रकरण मोठं आहे, सांगेन.

ती म्हणाली, सावकाश बघा, पण बघा हं.

६ ऑक्टोबर

अपेक्षेप्रमाणे व्याही मध्ये पडले. त्यांनी मुलाच्या घरी एक गाडी पाठवली. मोठाली चाकं, जाड दांडा, मध्ये गादी, बाजूला छत्री अडकवायची नळी. यात छटाकला बसवायची की ऊस भरायचा? लेबलवरच ९.५. माझ्या काट्याने १४.९. जावई आणि मी मिळून ती दुसऱ्या मजल्यापर्यंत चढवली, तिथे दोघे बसलो. मग परत खाली. आता जिन्याखाली आहे, तिच्यावर शेजाऱ्यांची मांजर झोपते.

माझा अंदाज: व्याह्यांना मुद्दाम जड पाठवायची होती, म्हणजे लेक बाहेर पडायला नको आणि नातीला बघायला सगळ्यांनी त्यांच्याच सोयीने यावं. हे हिला सांगितलं. ही म्हणाली, बिचारे त्यांच्या मनाने घेऊन आले. हिला माणूस ओळखता येत नाही.

आता गाडी माझ्याकडूनच जाणार, हे पक्कं.

१४ ऑक्टोबर

जावयांचा फोन. बोलणं गोल गोल. बाबा, कसं चाललंय? तुमची तब्येत? मग मुद्द्यावर. म्हणाले, मी म्हणत होतो, ऑनलाइन मागवू का एखादी? दोन दिवसांत येते, नाही आवडली तर परत नेतात.

कोण सांगतंय यांना हे? व्याही. मी स्पष्ट विचारलं, ऑनलाइन गाडी हातात घेऊन काट्यावर कसं उभं राहणार? मागून छटाकचं रडणं ऐकू येत होतं. लेक काहीतरी म्हणाली, नीट कळलं नाही. मग जावई म्हणाले, ठीक आहे बाबा, तुमचं होऊ दे.

'तुमचं होऊ दे' म्हणजे काय? वहीत लिहून ठेवतो, नंतर कळेल.

बेकरीवाला आता मला बघितलं की न विचारता प्लेट पुढे करतो. हा एकटाच माणूस या गावात सरळ आहे.

२१ ऑक्टोबर

कार्यालयाचं उत्तर आलं! दोनच ओळी. 'तक्रारीसोबत वजन मोजण्याची पद्धत जोडावी.' म्हणजे प्रकरण गंभीरपणे घेतलंय.

दुपारभर बसून पद्धत लिहिली. पायरी एक: रिकाम्या गाडीचे वजन नेहमी प्रत्यक्ष काट्यावर घ्यावे, कागदावरचे वजन कदापि ग्राह्य धरू नये. पायरी दोन: मोजणाऱ्याचे वजन ७१ किलो (कायम). पायरी तीन: मोजणाऱ्याने गाडी छातीशी धरून... वगैरे. पाच पानं झाली. हिला वाचून दाखवली. पायरी दोनला ही खोकली. सर्दी असेल.

२७ ऑक्टोबर

लेकीचा फोन. आवाज बसलेला. म्हणाली, बाबा, चार आठवडे मी खिडकीतून रस्ता बघतेय. काल बाळाला उचलून कोपऱ्यापर्यंत गेले, परत येताना पाठ भरून आली, जिन्यावरच बसले. तुम्ही कुठपर्यंत आलात?

मी तिला कार्टेलचं सगळं समजावलं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, एखादी दहा किलोची असली तरी चालेल आता.

दहा! माझी लेक तीन मजले दहा किलो उचलणार आणि मी बघत बसणार? फोन ठेवल्यावर जेवण गेलं नाही. संध्याकाळी थोडा केक खाल्ला, तो पोटाला हलका असतो.

१ नोव्हेंबर

लेकीकडे. काटा बरोबर नेला होता. तीन जिने चढताना दोनदा थांबलो. पायऱ्यांची उंची सारखी नाही, बिल्डरने तिथेही काटा मारलाय.

छटाक आता ओळखते. माझ्याकडे बघून जांभई देते. लेक म्हणाली, उद्या वजनाला दवाखान्यात न्यायचंय. मी म्हटलं, उद्या कशाला? छातीशी धरली, काट्यावर चढलो.

८१.३. वजा ७१.

१०.३.

महिन्याची पोर, दहा किलो तीनशे ग्रॅम! आधी छाती फुगली. माझी नात! मग हातातली पोर बघितली. हलकी. उशीसारखी हलकी. दहा किलो कुठे आहेत मग? पुन्हा मोजलं. तेच. पोरीच्या अंगात काहीतरी आहे. पाणी? आजार? की दवाखान्यात मूलच बदललं? कपाळाच्या आठ्या तर माझ्याच आहेत.

लेकीला सांगितलं. तिचा चेहरा पांढरा पडला. मला ते बघवेना, पण लपवायचं कसं?

२ नोव्हेंबर

सगळं होतं तसं लिहितो.

दवाखान्यात लेक, जावई, छटाक, मी, माझा काटा. नर्सबाईंनी छटाकला छोट्या काट्याच्या परातीत ठेवलं. ४.३. म्हणाल्या, छान वाढतेय.

मी म्हटलं, बाई, तुमचा काटा सहा किलो खातोय. त्या म्हणाल्या, गेल्या महिन्यात तपासणी झालीय. खाली वाकून शिक्का बघितला. यंदाचा. खरा. शिक्का मी ओळखतो. गुडघ्यावरून उठताना जावयांनी हात दिला.

मी परत सांगायला लागलो, भरलेलं ८१.३, त्यातून माझं ७१... बाई म्हणाल्या, आजोबा, तुमचं वजन कधी केलंत? मी म्हटलं, माझं कायम आहे. कागद आहे.

तेव्हा लेक बोलली. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती, रात्रभर झोपलेली नव्हती. हळूच म्हणाली, बाबा, रिकामी गाडी आधी.

मोठ्या काट्यावर उभा राहिलो. मग खाली उतरून माझ्या काट्यावर. चपला काढून. खिशातल्या किल्ल्या काढून. चष्मा काढून.

७७. दोन्हीकडे.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. लेक बाळाला छातीशी धरून रडायला लागली. पोर ठीक आहे म्हणून. रात्रभर मी तिला घाबरवून ठेवलं होतं.

३ नोव्हेंबर

नोंद नाही.

४ नोव्हेंबर

हिने सकाळी चहा दिला, बिनसाखरेचा. समोर बसली. म्हणाली, पहिल्या आठवड्यातच जावई गाडी मागवत होते. लेकीने नको म्हटलं. त्यानंतरही दोनदा नको म्हटलं. बाबा बघताहेत, रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा सकाळी उठून कामाला निघतात, आता घेतली तर त्यांना काय वाटेल, असं म्हणाली. चार आठवडे खिडकीत बसून राहिली ती.

मी म्हटलं, तू मला का नाही सांगितलंस? ही म्हणाली, सांगितलं की. प्रश्नचिन्ह काढून.

तक्ता पुन्हा केला, या वेळी लेबलं खरी धरून माझं वजन काढलं: ७५.६, ७५.९, ७६.२. प्रत्येक दुकानाची चोरी शून्य. वाढते तीनशे ग्रॅम कोणाचे ते कळलं. बेकरीचे.

एकतीस वर्षांत एकाही गाडीचं कागदावरचं वजन मी धरलं नाही, आणि स्वतःचं मात्र कागदावरचंच धरलं. पंधरावी युक्ती ड्रायव्हरने नाही, मी शोधली.

५ नोव्हेंबर. सकाळी

टायवाल्याचं दुकान. बाहेर पाच मिनिटं उभा होतो. आत गेलो तर काउंटरवर माझं सात पानी पत्र, कोपऱ्याला चहाचा डाग. म्हणजे वाचलंय.

मी म्हटलं, ती पाच-आठची द्या. तो म्हणाला, सर, मोजायची? मी म्हटलं, नको. तो म्हणाला, मोजू या ना सर. काटा खाली ठेवून बाजूला झाला. आधी मी नुसता उभा राहिलो. ७७. मग गाडी घेऊन. ८२.८. उरले पाच-आठ. ग्रॅमचाही फरक नाही.

टायवाला म्हणाला, करेक्ट सर. त्या दिवशीच कळलं होतं, पण गिऱ्हाइकाला कसं सांगणार? हसला. हसू चांगलं आहे त्याचं. उगाच संशय घेतला.

बटण दाबून गाडी मिटायलाही शिकवलं. चौथ्या खेपेला जमलं. ती हातचलाखी नाही, अंगठा आत घ्यायचा असतो.

कार्यालयाला एका ओळीचं पत्र: तक्रार मागे. कारण लिहिलं नाही. पुढे लिहीन.

५ नोव्हेंबर. संध्याकाळी

गाडी पाठीवर अडकवून जिना चढलो. पहिला मजला ठीक. दुसऱ्यावर कठड्याला धरून उभा राहिलो, छातीत भाता चाललेला. पायऱ्यांची उंची मोजली. सारखी आहे.

वरून लेक उतरली. छटाक जावयांकडे देऊन आली होती. म्हणाली, द्या इकडे. मी म्हटलं, छे, मी आणतो. तिने ऐकलं नाही. गाडी एका हातात उचलली, दुसऱ्या हाताने मला दंडाला धरलं. तिसऱ्या मजल्यापर्यंत मला आणि गाडीला दोघांनाही तिनेच नेलं. वर गेल्यावर म्हणाली, बाबा, गाडी खरंच हलकी आहे हो.

मी म्हटलं, माफ कर पोरी. ती म्हणाली, कशाबद्दल? आणि डोळे पुसून छटाकला गाडीत ठेवायला वाकली.

मग सगळे खाली उतरलो. लेकीने पाच आठवड्यांनी मोकळ्या हातांनी रस्त्यावरची हवा घेतली. कोपरा, बँक, शाळेची भिंत, पुन्हा कोपरा. गाडी मी ढकलली. छटाक दहा मिनिटांत झोपली, पाठ आडवी केली, खटकाही वाजला नाही. बेकरी आली तेव्हा मालकाने आतून हात केला. मी सरळ बघत राहिलो. लेकीने विचारलं, ओळखीचे आहेत का? मी म्हटलं, नाही.

घरी आल्यावर हिला सांगितलं, उद्यापासून सकाळी सहाला चालायला जाणार, छटाकसाठी दम हवा.

ही म्हणाली, असं नऊ सप्टेंबरलाही लिहिलं होतंत.

म्हणजे वाचते. पुरावा मिळाला.

आज पेन्सिल ठेवलीच नाही.